शिट्टीवाला पाद्री

सन एकोणीसशे एक्याण्णव. मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि तोवर माझ्या हातचं एकही काम दुकानात परत आलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो.

तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत माझं सुतारकामाचं दुकान. आमचे पूर्वज मराठे राजांच्या मागोमाग इकडे आले. त्यांनी पालख्या केल्या, हत्तीच्या अंबाऱ्या केल्या. मी शाळेत चार यत्ता गेलो, तीही तमिळ शाळा. ही बालबोध अक्षरं बापाने फळीवर खडूने काढून शिकवली. रंधा मारायच्या आत पाठ करायची, नंतर भुसा. तेव्हा शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी दुसरं काही वाचावं.

बापाने आणखी एक शिकवलं. काम वाकडं झालं तर ते गिऱ्हाइकाच्या घरी ठेवायचं नाही. त्याने बोलवायच्या आधी आपण जायचं, 'माझं काम चुकलंय' म्हणायचं आणि उचलून आणायचं. आमच्या सुतारांत हा रिवाज आहे आणि आसपासच्या गावांनाही तो ठाऊक आहे. घरधनी कितीही मोठा असो, चुकलेलं काम न्यायला आलेल्या सुताराला अडवत नाही. तसं काम घरात ठेवणं अपशकुनाचं मानतात. बाप आयुष्यात तीनदा असा गेला. मी तोवर एकदाही नाही.

तर त्या एक्याण्णव साली एक माणूस दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरा पाद्र्याचा झगा, खांद्यावरून तिरकी चामड्याची पिशवी, बसच्या कंडक्टरांची असते तशी, आणि गळ्यात दोरीला शिट्टी. म्हणाला, "आसारी, फळी पोचली का?"

आसारी म्हणजे सुतार. आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये व्हायचं, इथे मी आपल्या भाषेत लिहितो. फळीचं नाव काढल्याबरोबर माझं डोकं फिरलं, कारण मी त्याला ओळखलं.

सहा-सात वर्षांमागे हा ओरत्तनाडूच्या बसवर कंडक्टर होता. मी देवघराच्या दारासाठी फणसाची फळी घेऊन त्याच्या गाडीत चढलो. फळीला लगेजचं तिकीट काढा म्हणाला. मी म्हटलं, फळी माझ्या हातात आहे, गाडीला टेकलेलीसुद्धा नाही, तिकीट कशाचं? तर म्हणतो कसा, "तुम्हीही दांड्याला लोंबकळताय, सीटला टेकलेले नाहीत. म्हणून तुमचंही माफ करू का?" गाडी हसली. मी काढणार नाही म्हटलं. त्याने एक शिट्टी मारली, ड्रायव्हरने भातशेतांच्या मधोमध गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. सगळे माझ्याकडे बघत बसले. मी उतरलो. डोक्यावर फळी घेऊन चैत्राच्या उन्हात चार मैल चाललो. गाडी निघाली तेव्हा तो दारातून वाकून मागे बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला नाही.

आता तोच पाद्री होऊन आला होता, ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका गावच्या चर्चला. सरकारी पिशवी परत केली म्हणे, ही मुद्दाम तशीच शिवून घेतलेली. आत बायबल.

त्याला बाकं हवी होती. चर्चमध्ये पुढे चार बाकं होती, पाठ असलेली, नक्षीची. ती तिथल्या पण्णैयारच्या आजोबांनी दिलेली. पण्णैयार म्हणजे मोठा शेतीवाला, गावातली निम्मी जमीन त्याची. ते लोक तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, तरी जात सोडलेली नाही. त्यांच्या मागे चेरीतले लोक जमिनीवर चटईवर बसायचे. चेरी म्हणजे गावाबाहेरची दलितांची वस्ती. तेही ख्रिस्तीच. पाद्र्याचं म्हणणं, बाकं सगळ्यांना आणि सगळी एकसारखी. नक्षी नको. नक्षी नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एरवी हाकलतो. याला का नाही हाकललं, ते मला आजही कळलेलं नाही.

त्या माणसाची मला चीड का यायची हे सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. कंडक्टरची नोकरी सुटली, पण गाडी काही त्याच्या अंगातून उतरली नव्हती. प्रार्थना सुरू करायची तर दोन शिट्ट्या, संपवायची तर एक. देवाच्या घरात शिट्टी. प्रवचन करायला वेदीपाशी उभा राहायचा नाही, मधल्या वाटेने मागून पुढे आणि पुढून मागे, कमरेने बाकांच्या कडांना टेकत, जणू खाली रस्ता खराब आहे. गाण्यांच्या चिठ्ठ्या डाव्या हाताच्या बोटांत उभ्या घडी करून धरायचा, कंडक्टर नोटा धरतात तशा. आणि देवाबद्दल बोलता बोलता मध्येच मागच्यांना म्हणायचा, पुढे जागा आहे, पुढे सरका. पुढच्या चार बाकांवरचे लोक तेव्हा पाठ ताठ करायचे.

माझ्या दुकानात आला की नेमका ओल्या पॉलिशवर बसायचा. त्याच्या झग्याच्या मागे माझ्या पॉलिशचा डाग कायमचा. वेदीसमोर पाठमोरा झाला की अख्खं चर्च तो डाग बघायचं. चहा इतका कढत प्यायचा की बघणाऱ्याची जीभ भाजावी. आणि वर विचारायचा, "आसारी, तुमचं कधीच काही चुकत नाही?"

"नाही."

"मग तुम्हाला चर्चची गरज नाही. चर्चला तुमची आहे."

माझी बायको आतून हसायची. म्हणायची, तो तुमच्यासारखाच आहे, म्हणून तुमचं त्याच्याशी जमत नाही. तिला काय कळतं, मी म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. चेरीपुढे बस थांबायची नाही. थांबा मैलभर पुढे, पण्णैयारच्या फाटकाशी. चेरीतल्या बाया डोक्यावर ओझं घेऊन तिथवर चालायच्या. पाद्र्याने अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग तो रोज सकाळी चेरीच्या तोंडाशी उभा राहू लागला. बस दिसली की एक शिट्टी. कंडक्टरच्या शिट्टीला ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, त्याला विचार करावा लागत नाही. गाडी थांबायची आणि ड्रायव्हर शिव्या देईपर्यंत चार बाया चढून बसलेल्या असायच्या. एक ड्रायव्हर मारायलाच उतरला आणि याला बघून गप्प झाला. दोघं पूर्वी एकाच गाडीवर होते. पावसाळाभर हे चाललं. पोंगलच्या सुमाराला शिट्टी न वाजताच गाड्या थांबू लागल्या. तिथली पाटी मी केली. सागाच्या तुकड्याची. ती नक्षीची आहे, त्याला न विचारता केली.

मी एकदा त्याला खडसावून विचारलं होतं. सरकारी कायम नोकरी, पेन्शन, लोक त्यासाठी जमिनी विकतात, आणि तुम्ही ती टाकून हा झगा घातलात. कोणी सांगितलं होतं? देव स्वप्नात आला वगैरे सांगेल असं मला वाटलं होतं. तयारीत होतो.

त्याने जे सांगितलं ते असं. तो पण्णैयारच्याच नात्यातला. लहानपणी पाठ असलेल्या बाकावर बसून मोठा झालेला. एकदा दुपारच्या फेरीला चेरीतली एक बाई त्याच्या गाडीत चढली, दिवस भरत आलेले. गाडीत एकच जागा रिकामी होती, त्याच्या जातीतल्या एका म्हाताऱ्याच्या शेजारी. म्हातारा काही बोलला नाही. बाईही काही बोलली नाही, दाराच्या दांड्याला धरून उभी राहिली. याने जागा पाहिली, बाई पाहिली आणि तिचं तिकीट फाडलं. वळणावर ती खाली पडली. मूल पोटातच गेलं.

"दिवसातून पाचशे वेळा मी म्हणायचो, पुढे जागा आहे," तो म्हणाला. "तेवढ्या वेळी म्हटलं नाही."

त्या महिन्यातच त्याने पिशवी जमा केली आणि पाद्र्यांच्या शाळेत गेला. एवढं सांगून त्याने चहा संपवला. मी रंधा मारत राहिलो. 

बाकं झाली, बसली. पण माणसं जुन्या जागीच. पुढचे पुढे, मागचे मागे, फक्त चटईच्या जागी बाक. पाद्र्याने माझ्याकडे लाकडाचे तुकडे मागितले. कापून, घासून, त्यांवर आकडे डागून हवे होते, दर जागेला एक. ते त्याने पिशवीत भरले आणि रविवारी चर्चच्या दारात उभा राहिला. येईल त्याने पिशवीत हात घालायचा, जो आकडा येईल तिथे बसायचं. मी बघायला गेलो होतो, दारातूनच. आत जायचं मला कारण नाही.

पण्णैयारच्या बायकोच्या हाती मागच्या खांबाजवळचा आकडा आला, चेरीतल्या दोघींच्या मधला. जाड बाई, बिचारी घामाघूम झाली. उभी राहिली, नवऱ्याकडे बघितलं, मग जाऊन बसली. थोड्या वेळाने पदराने वारा घ्यायला लागली, तो शेजारचीलाही लागत होता. पण्णैयारने पिशवीत हात घातलाच नाही. अख्खी प्रार्थना उभा राहिला. तीन महिने दर रविवारी उभा राहिला. हट्टाचं मला कौतुक आहे, ते कुणाचंही असो.

मग पाद्री चर्चच्या कसल्या सभेला मद्रासला गेला, दोन आठवडे. आणि पण्णैयारची नवी पांढरी मोटार माझ्या दुकानासमोर थांबली.

त्या वर्षांत बाजारात काय चाललं होतं ते सांगायला हवं. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, एकात एक बसणाऱ्या. लग्नाला, शाळेला, दवाखान्याला, जिकडेतिकडे त्याच. माझ्या हाताला सहा महिने साग लागला नव्हता. पण्णैयारने धान्याची जुनी कोठी मोडली होती, त्याच्या आजोबांची, बर्मा सागाची. म्हणाला, "राजवाड्यात आहे तसा कठडा करा. कातीव दांड्यांचा. तंजावरात हे काम दुसऱ्या कुणाला येत नाही." कुठे बसवायचा? चर्चमध्ये, चौथ्या बाकामागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी विचारलं, दार कुठे ठेवू? तो म्हणाला, दार नको, पुढचे लोक बाजूच्या दाराने येतील.

कुणी म्हणेल, सुतार साधा माणूस, त्याला काय माहीत. मला माहीत होतं. तिथल्या तिथे कळलं होतं. मी लाकडाकडे बघितलं.

असा कठडा मी आयुष्यात एकदाच केला. एक खिळा नाही. खाचा, कुसू आणि लाकडी खुंट्या. खुंट्या एकाच बाजूने निघतात आणि त्याही तिसऱ्या खांबापासून सुरुवात केली तरच. दुसरीकडून ठोकाल तर आणखी घट्ट बसतात. बसवून झाल्यावर ओळंबा सोडला, दोरी आणि खांब यांच्यात केस जाईना.

पाद्री परत आला. लोक सांगतात, त्याने कठड्यावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत हात फिरवला. मग मागच्या लोकांत उभा राहिला आणि तिथूनच दोन शिट्ट्या मारून प्रार्थना सुरू केली. त्या दिवसापासून तो कठड्याच्या पुढे गेलाच नाही. बाजूच्या दाराने जाऊ शकला असता. गेला नाही. पण्णैयारचे लोक पुढे बसून रिकाम्या वेदीकडे बघायचे आणि देवाचं बोलणं त्यांना पाठीमागून ऐकू यायचं. मान वळवावी तर चेरीकडे तोंड होतं. दीड वर्ष त्यांनी मान वळवली नाही.

आणि माझ्याकडे? दुसऱ्याच दिवशी दुकानात आला, ओल्या स्टुलावर बसला, चहा मागितला. म्हणाला, "जोड छान बसलीय, आसारी." बस. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. पण नाही. दर आठवड्याला यायचा, पावसाचं बोलायचा, चेरीतल्या विहिरीचं बोलायचा, कठड्याचं नाव नाही. तो एकदा म्हणाला असता, आसारी, काढा, तर मी नाही म्हटलं असतं. दुसऱ्यांदा म्हणाला असता तर गेलो असतो. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार. तरी विचारलं नाही. याचा मला इतका राग यायचा की तो गेल्यावर मी त्याचा पेला बायकोने उचलायच्या आत स्वतः जाऊन आदळायचो.

मग एका दुपारी चर्च झाडणारी म्हातारी आली, चेरीतली. तिने सांगितलं, पोरं करवत घेऊन गेली होती. पाद्री दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला, भरल्या गाडीच्या दारात कंडक्टर राहतो तसा. म्हणाला, लाकडाला एक चरा पडला तर पोलीस तुम्हाला सगळ्यांना नेतील, पण्णैयार त्याचीच वाट बघतोय. म्हणून ती माझ्याकडे आली होती, विचारायला.

"अय्या, कुठली खुंटी आधी काढायची?"

मी म्हटलं, "माझं काम निघण्यासाठी केलेलं नसतं. जा."

ती गेली. मे महिना होता, बसने तासभर आली असेल. मी तिला पाणी विचारलं नाही. बायकोने आतून सगळं ऐकलं होतं, दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. मी हे कुणाच्या दयेसाठी लिहीत नाही. झालं ते असं झालं.

पण्णैयारने वरपर्यंत पत्रं लिहिली आणि पाद्र्याची बदली झाली, पार खाली दक्षिणेला. शनिवारी दुपारी तो जुन्या बसस्टँडवर होता. एक ट्रंक आणि ती पिशवी. चेरीतले लोक निरोप देऊन गेले होते, मी मुद्दाम उशिरा गेलो. त्याने माझ्याकडे बघून ट्रंकेवर जागा करून दिली. मी बसलो नाही.

मी त्याला विचारलं. आवाज चढवून विचारलं, आजूबाजूचे फळवाले बघायला लागले. म्हटलं, दीड वर्ष माझ्या दुकानात बसून चहा प्यायलात. एकदा तोंड उघडून सांगितलं असतंत, काढा म्हणून. एकदा.

तो म्हणाला, "ते कशासाठी आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग मी नवीन काय सांगणार होतो? त्या दिवशी गाडीत जागा रिकामी आहे, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?"

मी त्यावर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईपर्यंत गेलो. तो ऐकत होता, डोळे खाली, हातात ती शिट्टी. गाडी लागली. मी थांबलो नाही. पाठीमागे दोन शिट्ट्या झाल्या, त्या गाडीच्या कंडक्टरच्या की त्याच्या, मला माहीत नाही. वळून बघितलं नाही, आणि ते माझं चुकलं असं म्हणायला मी आजही तयार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी आंघोळ केली, पटाशी, मोगरी आणि ओळंबा पिशवीत घातला आणि ओरत्तनाडूची बस धरली. चेरीच्या थांब्यावर उतरलो. चर्च भरलेलं होतं. नवा पाद्री यायचा होता, म्हणून पण्णैयारच वेदीपाशी उभा राहून वाचत होता. मी चपला काढल्या आणि मागच्या दाराने आत गेलो, चेरीतल्या लोकांमधून. तो वाचायचा थांबला.

मी म्हटलं, "माझं काम चुकलंय. कठडा वाकडा बसलाय. न्यायला आलो."

पण्णैयार पुढे आला, एक डोळा मिटून कठड्याच्या रेषेत बघितलं. म्हणाला, सरळ तर आहे. मी तिसऱ्या खांबावर ओळंबा सोडला. दोरी खांबाला लागून नीट खाली उतरली, केसभर अंतर नाही, सगळ्या चर्चने बघितलं.

"वाकडा आहे," मी म्हटलं. "मी केलाय, मला कळतं."

तो तोंड उघडणार एवढ्यात त्याची बायको पहिल्या बाकावरून बोलली. मोठ्याने नाही. "नेऊ दे त्यांना. चुकलेलं काम ठेवून घेऊ नये." आणि ती बसल्या जागी मागे वळली, चेरीकडे तोंड करून.

मी गुडघ्यावर बसलो. मोगरीच्या तिसऱ्या ठोक्याला पहिली खुंटी निघाली. चेरीतली पोरं दुसरं टोक धरायला आली, त्यांना एकदाच सांगावं लागलं, चरा पाडू नका. पण्णैयारने विचारलं, दुरुस्त करून कधी आणणार? म्हटलं, लाकूड वाळलं की. ते लाकूड त्याच्या आजोबांच्या काळापासून वाळलेलं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. म्हातारी केरसुणी घेऊन आली आणि खांब होते तिथला भुसा झाडू लागली. मी तिच्याकडे पाणी मागितलं. तिने आणून दिलं, मी प्यायलो.

दांडे, खांब, आडव्या पट्ट्या, सगळं पोरांनी थांब्यावर आणून टाकलं आणि बसच्या टपावर दोरीने बांधलं. मी आत चढलो. कंडक्टरने वर बघितलं, मग माझ्याकडे. लगेजचं तिकीट काढावं लागेल म्हणाला.

काढलं.